वन्संकडून परत आलेला डबा

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथल्या लिटिल इंडियातल्या भाजीच्या दुकानात पडवळ निवडत होते. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद सुलभा, श्रीपादची सख्खी बहीण. "ताई गेली गं," एवढंच श्रीपाद म्हणाला. मी बरं म्हटलं, फोन पर्समध्ये टाकला आणि पडवळ कोवळं आहे का ते नख लावून बघितलं. ते त्यांच्याच डब्यासाठी होतं. रांगेत माझा नंबर येईपर्यंत माझ्या ते लक्षातच आलं नाही… याला आता सहा आठवडे झाले.

बाहेरच्यांना वन्सं ठाऊक होत्या त्या त्यांच्या पदामुळे. युरोपातल्या एका लहानशा, थंड देशात त्या शिकायला गेल्या, तिथल्याच झाल्या आणि शेवटी तिथल्या सरकारच्या परदेशी मदत संस्थेच्या प्रमुख झाल्या. कुठल्या गरीब देशात दवाखाना उभा राहायचा आणि कुठली विहीर अर्धवट राहायची, हे त्यांच्या सहीने ठरायचं. घरात आम्ही सगळे त्यांना टरकून. बाई हुशार, सरळ आणि शिष्ट. शिष्ट हा शब्द मुद्दाम वापरतेय. माणूस गेलं म्हणून खोटं लिहायला मला जमत नाही.

निवृत्तीनंतर त्या इथल्या एका विद्यापीठात शिकवायला आल्या आणि क्वीन्सटाउनला फ्लॅट घेऊन एकट्या राहू लागल्या. आम्ही पासिर रिसला. लांब असलं तरी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बदलावी लागत नाही, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी थालीपिठं घेऊन गेले. "कशाला त्रास घेतलास शुभदा? मला काही लागत नाही." डबा परत आला तो घासूनपुसून लख्ख आणि रिकामा. पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. माझं डोकंच फिरलं. "तिला नाही गं कळत असलं काही," असं श्रीपादचं म्हणणं. न कळायला काय झालं? साताऱ्यात वाढलेली बाई! शेवटी मी तोंडावरच म्हटलं, "वन्सं, डबा रिकामा परत करत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात."

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्या खुर्चीत बसल्या आणि एक जुनी गोष्ट सांगायला लागल्या. आफ्रिकेतल्या एका गावात त्यांच्या संस्थेने पाण्याचा पंप बसवला होता. उद्घाटनाला एक बाई पाय बांधलेली कोंबडी घेऊन आली, वन्संना द्यायला. भेटवस्तू घ्यायच्या नाहीत हा नियम वन्संनीच केलेला. त्यांनी हात जोडून कोंबडी परत केली. वर्षाने त्या पुन्हा गेल्या तेव्हा पंप नीट चालू होता, पण ती बाई घराबाहेरच आली नाही.

"नियम चूक नव्हता," वन्सं म्हणाल्या. "पण मी तिला मागणारी करून ठेवलं गं, कायमची."

"मग नियम बदललात का?"

"नाही. खुर्ची माझीच होती, बदलता आला असता."

त्यानंतर डबा कधी रिकामा आला नाही. कधी अक्रोड, कधी खालच्या हॉकर सेंटरमधल्या ठेल्यावरची केळ्याची भजी, एकदा नुसती कढीपत्त्याची डहाळी. मीही काय आलंय ते बघायला स्टेशनवरच झाकण उघडायचे. आधी मला त्या आवडत नव्हत्या. मग फार आवडायला लागल्या, आणि हे मी त्यांना सांगितलं नाही. राहून गेलं.

गेल्या वर्षी आजार निघाला आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. "आता आणू नकोस. मी काय घालणार डब्यात?" शेवटी हॉस्पिटलात ठेवलं, तर नर्सचा हातही त्यांना नको असायचा. हॉस्पिटलचं अन्न तसंच परत जायचं, आणि डॉक्टर म्हणत होते, काहीतरी पोटात जायलाच हवं. एक दिवस मी मऊ भात घेऊन गेले, तर मान तिकडे वळवली. मग माझा तोल सुटला. "म्हणजे तुम्ही माझीही कोंबडी परतच करताय की!"

त्यांनी मान पुन्हा माझ्याकडे वळवली. मग हसू फुटलं, त्यातच खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "दे." मी चमच्याने भरवलं. अर्धी वाटी खाल्ली असेल. आयुष्यभर दुसऱ्यांना देणाऱ्या त्या बाईने माझ्या हातून घेतलं, ते बहुतेक पहिल्यांदाच.

निघताना डबा उचलला तर म्हणाल्या, "थांब." चहाबरोबर आलेल्या साखरेच्या दोन पुड्या उशाशी ठेवल्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून डब्यात टाकल्या आणि झाकण मात्र मला लावायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी पडवळ आणायला गेले.

डबा ओट्यावर तसाच आहे. परवा साखर संपली म्हणून आमच्या ईशाने तो उघडला. "आई, शुगरच तर आहे, यूज कर ना लाह!" इथल्या पोरांसारखं शेवटी लाह लावत ती म्हणाली. मी एवढ्याने ओरडले की श्रीपाद आतून धावत आला. मग मीच झाकण लावलं. डबा रिकामा आलेला नाही. आता भरून पाठवायची पाळी माझी आहे…