पाहुण्याला न्हाई म्हणायचं नसतं

घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मला लाजबिज वाटत नाही. बीए झाले, मग मानववंशशास्त्रात एमए करायला कलबुर्गीला गेले. तिथं कळलं की औराद तालुक्यातलं आमचं मेंढपाळ समाजातलं घर हा अभ्यासाचा विषय आहे. इतके दिवस मला ते घरच वाटत होतं.

प्रबंधासाठी माझे मार्गदर्शक सर एकदा माझ्याबरोबर गावी आले. काकूनं घोंगडी अंथरली, चहा दिला. सरांनी वही उघडली.

"मेंढीची पहिली लोकर तुम्ही देवाला वाहता ना?"

"व्हय."

"मेंढी आजारी पडली की बायका तिच्याभोवती बसून गाणी म्हणतात?"

"व्हय की."

"आणि पुरुषांनी ती ऐकायची नसतात?"

"व्हय, व्हय. च्या घ्या सायेब, गार व्हायलाय."

मेंढ्या आमच्या आजोबांनीच विकून टाकल्या होत्या. काकू लग्न होऊन आली ती थेट दुसऱ्याच्या तुरीत खुरपायला. सर मात्र खुशीत. जाताना म्हणाले, "या गाण्यांवर अख्खं प्रकरण लिही."

ते गेल्यावर मी विचारलं, "काकू, कामून व्हय म्हणलीस गं?"

"मग काय तोंडावर न्हाई म्हणू? लांबून आलेलं मानूस, आपल्या घोंगडीवर बसलेलं. कॉलेजात हेच शिकायलीस का?"

मी त्यावरच प्रकरण लिहिलं. आमच्याकडं पाहुण्याला नकार देत नाहीत, म्हणून विचारणाऱ्याला त्याच्याच मनातलं उत्तर मिळतं. पुरावा म्हणून सरांनी घेतलेली काकूची मुलाखत, जशीच्या तशी.

तोवर त्या गाण्यांवरचा सरांचा लेख छापायला गेला होता. त्यांच्या सहीशिवाय प्रबंध दाखल होत नव्हता, आणि आणखी एक वर्ष मला शिकवायला घरचे तयार नव्हते. सर म्हणाले, "बघू." पुढच्या सोमवारी, "बघू या." तिसऱ्या सोमवारी चहा मागवला आणि म्हणाले, "बघतो ना, घाई काय आहे?"

मी कपाला हात लावला नाही. "सर, सही करत नाही असं एकदा तोंडानं सांगा. मी लिहून घेते."

त्यांनी माझ्या उघड्या वहीकडं बघितलं. मग पेन काढलं, सही केली आणि म्हणाले, "तुम्हा लोकांना मोठ्यांशी बोलायची रीत नाही."

घरी सांगितलं, तर काकू म्हणाली, "खरंच हाय की त्यांचं."