माळावरचा रानकांदा

सुमनअक्का गेल्या, त्याला सहा आठवडे झाले. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅबमध्ये होते. खाली उतरले आणि सवयीनं अक्कांनाच फोन लावायला निघाले...

अक्का मूळच्या निपाणीच्या. तीस वर्षं बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात सुटे भाग तपासले, आणि रविवारी माळ तुडवले. मी पुण्याहून आलेली, वरच्या मजल्यावरची शेजारीण. मला सगळीकडे नुसतं गवत दिसायचं. गेल्या मार्चमध्ये भर दुपारी त्यांनी माझं दार बडवलं. "अगं, रानकांद्याला दांडे आल्यात! सकाळी बघून आलोय. आज सांजचं फुलणार. चल की!"

देवनहळ्ळीपलीकडचा तो माळ म्हणजे खडे आणि वाळकं गवत. रानकांद्याला पानं येतात ती पावसाळ्यात. पण उन्हाळ्याच्या तोंडावर तापल्या जमिनीतून एकही पान नसलेला, कमरेएवढा दांडा सरळ वर येतो. आम्ही पोचलो तर तिथं जेसीबी उभा! प्लॉट पडणार होते. साठी उलटलेल्या अक्का पदर खोचून धावल्या आणि कानडीत ओरडल्या, "तम्मा, स्वल्प निल्लु!" म्हणजे, भावा, जरा थांब.

चालक मंजुनाथ खाली उतरला. "या काड्यांसाठी?"

"उन्हं उतरेपर्यंत थांब. मग तूच बोल."

थांबला बिचारा. उन्हं कलली आणि दांड्यांवर फिकट घंटा उमलू लागल्या... एक, चार, मग मोजायचं सुटलंच. अक्का टाळ्या वाजवत होत्या, मंजुनाथ बायकोला व्हिडिओ कॉलवर फुलं दाखवत होता. निघताना तोच म्हणाला, "सकाळी सहाला या. मशीन आठला लावतो. आमच्या गावामागं खडकाळ चढ आहे, कांदे काढून तिथं लावा, तिथं कुणी प्लॉट पाडणार नाही."

जन्मात कधी रानातलं रोप न उपटलेल्या अक्कांनी दुसऱ्या दिवशी पहारीनं अकरा कांदे काढले. रसानं हात खाजत होते, तरी थांबेनात. चढावर शेवटचा कांदा लावून झाल्यावर मी विचारलं, "जगतील?"

"कुणाला ठाऊक? बघू की पुढच्या मार्चला."

गेल्या मंगळवारी मंजुनाथचा फोन आला. "अक्कांचा फोन बंद लागतोय. त्यांना सांगा, सात वर आलेत! सात!"

अक्का गेल्याचं मी सांगितलं. मग तो म्हणाला, "तुम्ही या. लगेच निघा, आज उमलतील."

मी पोचले तेव्हा अर्धं गाव खडकांवर येऊन बसलं होतं, आणि मंजुनाथ एकेकाला बजावत होता, "लांबूनच बघा. आमच्या अक्कांचे आहेत."