बसवंतला शिकवलेलं उत्तर

लातुरात क्लास चालवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. समोर दिसेल त्याला शिकवायचं. लोक मला श्रीपाद सर म्हणतात आणि माझी ही खोड वीस वर्षांची आहे. पोरं डॉक्टर होत गेली, मला बरं वाटत गेलं. बसवंत बिराजदारची मात्र मी माती केली. आणि नुसती खोड म्हणून नाही केली.

बसवंत माझा जनरेटरवाला. त्र्याण्णवच्या भूकंपात निलंग्याकडच्या खेड्यात त्याचे आईबाप, दोन बहिणी, सगळे एका पहाटे दगडमातीखाली गेले. तो चौदाचा होता. पत्र्याच्या शेडमध्ये त्याला झोप लागेना, म्हणून छावणीच्या जनरेटरशेजारी जाऊन पडायचा. तिथल्या मेकॅनिकनं हाकलायचं सोडून हातात पाना दिला. दहावी राहिली ती राहिलीच. पुढं तीस वर्षं जनरेटर, बॅटऱ्या, एसी हेच. नुसता कान लावून काय बिघडलंय ते सांगायचा. पण सगळीकडं तोंडी कामावर, माझ्याकडंसुद्धा. नेमणुकीचं पत्र त्यानं कायम दुसऱ्याच्याच हातात पाहिलं.

मग हैदराबादकडच्या एका डेटा सेंटरची जाहिरात आली. आपल्या मोबाइलमधलं सगळं जिथं साठवून ठेवतात ती इमारत. तिथं एक मिनिट वीज गेलेली चालत नाही आणि त्यांना ती सांभाळणारी माणसं मिळेनात. मिळतील कुठून? आमच्याकडं जो तो पोराला डॉक्टरकीच्या नीट परीक्षेला बसवतो, पाना कोण धरतो? पत्र देऊन कायम करणार होते. वयाची अट पंचेचाळीस. बसवंतला त्या जूनमध्ये पंचेचाळीस पूर्ण होत होते.

"सर, ह्यो एकच चान्स हाय," तो म्हणाला. "पत्र आलं तर फ्रेम करून लावतो बघा."

मी त्याला पंधरा दिवस घासला. सहाशे प्रश्न, सहाशे उत्तरं, लातूरच्या पद्धतीनं. त्याची बायको नीलम्मा प्रश्न विचारायची, हा भाकरी खाताखाता उत्तरं म्हणायचा. वर मी बजावलं, "तिथं डिझेल-ऑइलचं नाव काढू नको. मेकॅनिक म्हणून कोण विचारतंय? शिकलेला दिसला पाहिजेस." माझा शर्ट दिला. नखांतलं ऑइल रॉकेलनं घासून काढायला लावलं.

मुलाखत नांदेडला होती. मीही गेलो, बाहेर बसलो. दहा मिनिटांत हा परत. काय झालं ते एसटीत सांगितलं.

"त्यांनी इचारलं, बॅटरी गरम झाली तर आधी काय करणार. मी म्हणलं, बॅटरी म्हणजे रासायनिक ऊर्जेचं विद्युत ऊर्जेत रूपांतर करणारं साधन होय."

"बरोबर आहे की."

"ते हसले. म्हणले, पाठांतर राहू द्या. मशीनला कधी हात लावलाय का?"

"मग?"

"तुम्ही सांगितल्यालं ध्यानात होतं. म्हणलं, न्हाई लावला."

चूक माझी होती, पण तसं मी त्याला म्हणालो नाही.

महिन्यानं त्याच कंपनीच्या मोठ्या अधिकारी मुग्धा मॅडम आमच्या क्लासवर आल्या. डॉक्टरकीला न लागलेली पोरं तरी आमच्याकडं पाठवा, म्हणाल्या. वरच्या मजल्यावर तीनशे पोरं कॉम्प्युटरवर सराव परीक्षा देत होती. तेवढ्यात लाइट गेली आणि जनरेटर सुरू होईना. बॅटऱ्यांवर जेमतेम दहा मिनिटं निघणार होती. बसवंत आला, मशीनला कान लावला, म्हणाला, "एअर धरलीय." डिझेलच्या नळीतली हवा काढली आणि चौथ्या मिनिटाला जनरेटर धडधडला. वर एकही पोरगं जागचं उठलं नाही.

मॅडम बघतच राहिल्या. "अहो, आम्ही हाच माणूस शोधतोय. शिक्षण किती ते मी विचारत नाही. येता का दादा?"

बसवंतनं माझ्याकडं पाहिलं. इतका उजळलेला चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. आणि मला दिसली दोन महिन्यांवर आलेली नीट, रोजच्या परीक्षा, रोज जाणारी लाइट. हा गेला तर दुसरा आणायचा कुठून? ह्या गावात डॉक्टर पैशाला पासरी, असला माणूस एकच.

"मॅडम," मी म्हणालो, "तुमच्या माणसांनी नांदेडला घेतली याची मुलाखत. मशीनला कधी हात लावला नाही, असं हाच सांगून आलाय. कागद काढून बघा."

मॅडमचा चेहरा उतरला. "खरं आहे का हे?"

'सरांनीच तसं शिकवलं' एवढं एक वाक्य तो बोलला असता तर तोंड लपवायची पाळी माझ्यावर होती. तो म्हणाला, "हाव मॅडम."

"मग अवघड आहे. आमच्याकडं दर तासाला मशीनची नोंद करावी लागते. खोटं सांगणाऱ्याच्या हाती ते काम देता येत नाही." त्या गाडीत बसून निघून गेल्या.

मी नालायक आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. माणूस राहिला.

बसवंत कापडानं हात पुसत जवळ आला. त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कसला राग असेल म्हणून मी शोधत होतो. काही नव्हतं.

"सर," तो म्हणाला, "पुढच्या बारीला कुणी इचारलं तर काय सांगू?"