आजी, मी सिस्टर

गेला रविवार, सकाळची वेळ, रक्कम पन्नास रुपये. हजर: माझी आई, मी आणि आईला दर आठवड्याला इंजेक्शन द्यायला येणारी शेजारच्या इमारतीतली मुलगी.

सुई टोचायच्या आधीच ती विचारते, "दुखलं का आजी?" आई "न्हाई" म्हणेपर्यंत काम झालेलं असतं. सुई टोचते ती डॉक्टरीणबाई, असा आईचा मावळातला हिशोब. मुलगी दर वेळी न चिडता दुरुस्ती करते, "आजी, मी सिस्टर."

नर्सिंग झालं, पण नोकरी मिळेना. वाकड, चिंचवडची हॉस्पिटलं, सगळीकडे एकच प्रश्न, अनुभव किती? "काका, अनुभव घ्यायलाच तर गेले होते," ती हसत सांगायची. शेवटी तिने अर्ज थांबवले आणि मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास धरला. मार्क चांगले पडले, पण धाकधूक सरकारी कॉलेजची होती. खासगीची फी चाकणला कंपनीत असलेल्या तिच्या वडिलांना ओव्हरटाइम करूनही झेपली नसती.

त्या रविवारी आई नेहमीसारखी म्हणाली, "या डॉक्टरीणबाई." मी दुरुस्तीची वाट पाहिली. ती नुसतीच हसत राहिली.

"सरकारी मिळालं?" मी विचारलं. तिने जोरजोरात मान डोलावली.

"मी कवाधरनं सांगतीय," आई म्हणाली, "हिलाच पटत न्हवतं."

इंजेक्शन झाल्यावर आईने पन्नासच्या नोटेवर एक रुपया ठेवला. "पन्नास सिस्टरचे, रुपया डॉक्टरीणबाईचा."

एकूण एक्कावन्न रुपये, दोघींना पोचले.