कूलरची हवा

उमरेडच्या कोळसा खाणीतून झिजलेला शाफ्ट माझ्या शेडमध्ये आला, तेव्हा मी फुशारून गेलो होतो. मांडीएवढा जाड लोखंडी दांडा. झिजलेल्या जागी वेल्डिंगचा एक थर, त्यावर दुसरा, तिसरा, असं धातू चढवत मूळ जाडी परत आणायची. जमलं तर खाणीची कामं कायमची मिळणार होती. नाही तर नुकतीच उभी केलेली शेड बंद करून पुन्हा नोकरी शोधायची.

पहिले थर सुरेख बसले. वडील धरमपेठेतल्या घरून डबा घेऊन यायचे. मे महिना, वर पत्रे, मी घामानं निथळतोय. त्यांना ते बघवेना. एक दिवस त्यांनी आपल्या खोलीतला कूलर रिक्षात घालून आणला आणि थेट माझ्या पाठीमागे लावला. वाळ्याचा गार वास शेडभर पसरला. काय सुख होतं ते!

त्याच दिवसापासून थर बिघडायला लागले. वर बारीक छिद्रं, गार होताना टणकन आवाज आणि तडा. घासून काढायचं, पुन्हा चढवायचं, पुन्हा तडा. करंट कमी केला, वाढवला. डोकंच चालेना. कुणीतरी लिंबू-मिरची बांधायला सांगितलं. तीही बांधली, खोटं कशाला बोलू?

मग कूलरची मोटर जळली. वडील हळहळत तो दुरुस्तीला घेऊन गेले आणि मी चिडचिडत थर चढवला. तो स्वच्छ बसला. पुढचाही. मी खुळ्यासारखा बघत राहिलो. त्या दमट वाऱ्यात उघडे पडलेले वेल्डिंगचे रॉड ओल धरत होते आणि तापलेला थर झटक्यात गार होत होता. हे कळलं आणि आनंद होण्याआधीच दारात रिक्षा थांबली.

"नवी मोटर बसवून आणली, गा. आता आरामात कर," वडील म्हणाले.

मी अडखळत सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्याच कूलरनं तुझं काम बिघडून राहिलं होतं?" एवढं बोलून ते कूलर परत घेऊन गेले.

शाफ्ट पास झाला. खाणीची कामं मिळाली. सांगायला घरी धावलो, तर वडील डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बसलेले आणि कूलर बंद.

"लावला काहून नाही, बाबा?"

"तू तिकडं भाजून राहिला. मी इथं गार हवा खाऊ काय?"

ते रागावले होते की काय, मला उमगेना. मी कूलर चालू केला. त्यांनी उठून बंद केला.