एका पेशीत निकाल

साल २०१८. मी सदुसष्ट वर्षांचा, शाळा चौथीपर्यंत. दुधाचा कॅन टेकवून मी काही बोललो की सर बोट वर करायचे. "आबा, शब्द आधी धुऊन घ्या, मग वापरा."

सर म्हणजे आमच्या गल्लीतले जीवशास्त्राचे निवृत्त मास्तर. मुसलमान, घरात एकटेच. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल बघा, आलेल्या पावण्याला चहाच्या आधी धडा देणारा.

एकदा म्हणाले, "अमिबा एकपेशीय असतो."

"नशीबवान हाय की! एका पेशीत सुटला. माझ्या दाव्याला नुसत्या तारखाच पडत्यात."

दावा धाकट्या भावावर. गोठ्याकडं जायची वाट कुणाची, यावरून. वाट थोरल्याची, म्हणजे माझी. आजही मी तेच म्हणतो.

सर हसून हसून खोकले. "अहो, कोर्टातली पेशी नव्हे! शरीराची. वीट समजा. आपण अब्जावधी विटांची इमारत, त्याचं सगळं घर एकाच विटेचं."

"मग तुमी एकटं ऱ्हाताय, तुमीबी एकपेशीय?"

बोट वर. "नाही. मी नुसता एकटा. शब्द धुवा."

मग त्यांनी माझ्याच म्हशींच्या हौदातलं पाणी मागवलं आणि थेंब भिंगाच्या यंत्राखाली धरला. मी हट्टानं डोळा लावून बसलो. एक ठिपका सरपटत होता. बऱ्याच वेळानं तो मधेच आवळला आणि त्याचे दोन झाले.

"ह्यात थोरला कोण?"

"कोणीच नाही. दोघंही तोच."

मला पटलं नाही. सरांनी पातेल्यात माझं अर्धा लिटर ओतलं, त्यावर भावाचं अर्धा लिटर. रोज दोघांकडून घ्यायचे आणि एकत्र तापवायचे.

"त्याचं कशाला मिसळताय माझ्यात?"

"साय आली की तिलाच विचारा, कुणाची ती."

त्याच वर्षी सर गेले. दफनाला मी होतो, भाऊही होता. दोघांनी माती दिली. दोघं दोन वाटांनी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचं दूध घालून झालं, तरी कॅनच्या तळाला अर्धा लिटर राहिलं. दाव्यातल्या त्याच वाटेनं भावाच्या दारात गेलो.

"दावा मागं घ्यायला न्हाय आलो. सरांचं उरलंय. तुझंबी उरलं असंल. पातेलं आण."