चोवीस मानकुराद आणि एक नळ

घरी नळ यावा म्हणून मी अकरा महिन्यांत एकोणीस खेपा घातल्या. आमची विहीर आटली होती. बायको शेजाऱ्यांच्या विहिरीवरून रोज चौदा कळशा पाणी आणत होती. एकोणिसाव्या खेपेला पाण्याच्या कार्यालयातले कारकून म्हणाले, "यंदा तुमच्या झाडाला मानकुराद आंबे बरे लागलेत म्हणे. दोन डझन पुरेत."

मी आंबे पिशवीत घेऊन साखळीहून बस धरून पणजीच्या लाचलुचपतविरोधी कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी आजवर फक्त नोटांना पावडर लावली होती. ती हाताला लागली की हात सोड्याच्या पाण्यात गुलाबी होतो. त्यांनी ब्रशने चोवीसही आंबे माखले. छापील कागदावर 'नोटांचे क्रमांक' असा रकाना होता. तो रिकामा ठेवणे मला पटेना. मीच प्रत्येक देठाला आकड्याची चिठ्ठी बांधली.

मग पाण्याच्या कार्यालयात जाऊन मी पिशवी पुढे केली. कारकुनांनी आत डोकावले, पण हात लावला नाही. शिपायाला म्हणाले, "बादलीत भिजत घाल रे. उष्ण असतात."

पावडर धुऊन जाणार! माझ्या तोंडून निघून गेले, "पाण्यात नको!"

ते बघतच राहिले. "भिजवल्याबगर आंबो खातत? खंयचे हो तुम्ही?"

तेवढ्यात शिपाई रिकामी बादली घेऊन परतला. "नळाक पाणी ना, सायबा."

पाण्याच्या कार्यालयात पाणी नव्हते, म्हणून पुरावा वाचला. कारकुनांनी सुस्कारा सोडला, सात क्रमांकाचा आंबा उचलला आणि नाकाला लावून हुंगला. ठरल्याप्रमाणे मी चष्मा काढला. साहेब दोन पंचांना घेऊन आत आले. सोड्याचे पाणी त्यांनी बाटलीत बरोबर आणले होते. कारकुनांची बोटे त्यात गुलाबी झाली. मग कापसाने नाक पुसले, तर कापूसही गुलाबी.

"नाक कुठे लिहू, सर?" एका पंचाने विचारले.

"इतर अवयवांत लिहा."

मग साहेबांनी माझ्या अर्जाची फाइल उचलून लाखेने बंद केली.

"आणि माझा नळ?"

"फाइल आता पुरावा आहे. खटला संपेपर्यंत हलणार नाही."

याला दोन वर्षे झाली. कारकुनांच्या जागी आलेल्या बाई सज्जन आहेत. काहीच मागत नाहीत, फक्त मूळ फाइल मागतात.

परवा बायको कळशी उतरवता उतरवता म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही चष्मा काढला नसता तर?"

ती अकरावी कळशी होती. उरलेल्या तीन मी आणल्या.